मालकाच्या गुप्त जागा आणि माझे तीन पाय

मित्रांनो, या जगात जे जे स्थिर आहे ते तीन पायांवर उभे आहे. चार पायांचे टेबल डुगडुगते आणि त्याच्याखाली कागदाची घडी सारावी लागते. दोन पायांचा माणूस तर स्वतःच्या शब्दावरही नीट उभा राहत नाही. तीन पायांची वस्तू मात्र खडकावर ठेवा, वाळूत ठेवा, ती डगमगत नाही. हे थोर सत्य मला ज्या सुताराने ऐकवले, त्याने बोलण्याच्या भरात माझा एक पाय बोटभर आखूड कापला.

मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेऱ्याखाली उभा असतो तो तीन पायांचा लाकडी स्टँड. शुद्ध भाषेत मला तिवई म्हणता आले असते. पण तिवईवर लोक पाण्याचा तांब्या ठेवतात आणि मला माझी पायरी ठाऊक आहे. तुम्हाला मी मित्र म्हणतो आहे तो केवळ रिवाज म्हणून. तुमच्यात खरे मित्र किती आणि नुसती माहिती काढायला बसलेले किती, हे मला अजून कळलेले नाही. मागे कोणी लिहून घेत असेल तर त्याने पेन खाली ठेवावे. मी जन्मतः असा नव्हतो. पण सव्वीस वर्षे एकाच माणसाच्या हातात राहिले की त्या हाताचा घाम लाकडात मुरतो, आणि घामाबरोबर स्वभावही.

माझा सुतार होड्यांची वल्ही घडवायचा. वल्ह्यांतून उरलेल्या लाकडाचे त्याने माझे पाय केले. डोके पितळेचे, ते एका कुलूप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने बसवले. म्हणजे पायांना पाण्याकडे जायची ओढ आणि डोक्याला तोंड मिटून राहायची सवय, असा मी उपजलो. तिन्ही पायांच्या टोकांना लोखंडी अणकुचीदार खिळे बसवले, जमिनीत रोवायला. आखूड पायाचा खिळा सुताराने बोटभर लांब ठेवला आणि चूक झाकली. चूक झाकायची ही पद्धत माणसांत फार लोकप्रिय आहे, असे मला पुढे आढळून आले.

मला विकत घेतले एका छायाचित्रकाराने. त्यांना मी मालक म्हणतो. समुद्राकाठच्या एका देखण्या शहरात, दोन जिने चढून गेले की त्यांचा स्टुडिओ. बाहेरच्या पाटीवर 'पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत' असे लिहिलेले. ती दहा मिनिटे मालकांच्या बायकोची असत. "हनुवटी खाली, खांदे सैल, आणि साहेब, गुन्हा केल्यासारखं बघू नका," असे म्हणत बाई माणसाला माणसासारखे बसवत. मालकांचे मन मात्र पासपोर्टात नव्हते. त्यांना बाहेरची दृश्ये टिपायची असत.

तिसरा माणूस म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, सडाफटिंग, पायात कायम झिजलेली चप्पल. मालक त्याला 'मेहुणे' म्हणत. ऐकून ऐकून न्हावी, बेकरीवाला, पोस्टमन सगळेच त्याला मेहुणे म्हणू लागले. अख्ख्या शहराचा मेहुणा असलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला खांद्यावर घेऊन हिंडायचे काम त्याचे होते.

आता तुम्ही म्हणाल, देखण्या शहरात फोटोची जागा शोधायला कष्ट ते काय? उभे राहा आणि बटण दाबा. मालकांचेही सुरुवातीला तेच मत होते. पहिल्या वर्षी त्यांनी दीपगृह, धक्का, सूर्यास्त असे सारे टिपले आणि मग शहरातल्या प्रत्येक साबणाच्या खोक्यावर तेच दीपगृह पाहून त्यांची अन्नावरची वासना उडाली. सगळेच सुंदर असले की कुठे पाहावे ते कळत नाही, हे त्या शहराचे दुःख होते.

खऱ्या जागा शोधल्या त्या मेहुण्याने. त्याची रीत वेगळी. तो दृश्य शोधतच नसे. तो लोकांना विचारी, "मावशी, तुमचे कपडे सगळ्यांत आधी कुठं वाळतात?" मावशी बोट दाखवी, आणि तिथे सकाळचा तिरपा उजेड हमखास सापडे. "काका, संध्याकाळी टेकायला कुठं जाता?" काका जिथे टेकत तिथे वारा पडलेला असे, पाणी आरशासारखे असे. आणि विचारायला कोणी नसलेच तर तो मांजराच्या मागे जाई. मांजर ज्या पायरीवर अंग टाकते त्या पायरीइतका मऊ उजेड शहरात दुसरीकडे मिळत नाही, असे त्याचे शास्त्र होते. निवृत्त नर्सबाईंची गच्ची, बर्फाच्या कारखान्यामागची भिंत, जुन्या मिठाच्या गोदामाचा उतार, होड्या दुरुस्त करतात ते आवार, सारे त्याने असेच गप्पा मारत मिळवले. मालक मागून येत, मला रोवत आणि एकच वाक्य म्हणत: "मेहुणे, बाजूला हो. फ्रेममध्ये येतोयस."

या जागांमुळे मालकांचे नाव झाले. बंदरावरचा एक छापखाना दरवर्षी शहराचे कॅलेंडर काढी. बारा महिने, बारा फोटो. छापखान्याच्या मालकांची अट एकच: जागा आपल्याच शहरातली हवी, पण कोणी ओळखता कामा नये. ते कॅलेंडर न्हाव्याच्या दुकानात लागले की लोक दाढी अर्धी ठेवून भांडत. "ही जागा आपल्याकडची नव्हेच!" "अरे, तुझ्या घरामागचा उकिरडा आहे तो!" अकरा वर्षे ते कॅलेंडर मालकांकडे होते. दर वर्षी नव्या बारा जागा लागत. मालकांची सारी इभ्रत त्या बारा गुपितांवर टेकलेली होती.

गुपित आले की संशय आलाच. मालक जागा पाहायला निघाले की मोबाइल घरी ठेवत. मोबाइल सगळे कुठेतरी कळवतो, असे त्यांनी ऐकले होते. उत्तरेला जायचे तर दक्षिणेची बस धरत. वाटेत दोनदा चपलेचा पट्टा नीट करायला वाकत आणि बगलेतून मागे बघत. काम झाले की मेहुण्याच्या हाती झाडाची फांदी देऊन पावलांचे ठसे पुसायला लावत. मेहुणा ठसे पुसत उलटा चालत येई आणि म्हणे, "भाऊजी, आपण फोटो काढला की दरोडा घातला?"

आणि कागदावर तर मालक एक अक्षरही लिहीत नसत. "कागद फितूर होतो," ते म्हणत. "जमीन होत नाही." प्रत्येक जागेचा उजेड ठरावीक महिन्यातच येतो. कुठली जागा जानेवारीत उजळते, कुठली ऑक्टोबरात. म्हणून जागा आधी हेरून ठेवायची आणि पुढे नेमक्या त्याच बिंदूवर परत यायचे, वीतभर इकडे नाही की तिकडे नाही. यासाठी मालकांनी एक युक्ती काढली होती. ते मला जागेवर उभा करत, माझ्या एकेका पायावर आपला पाय देऊन खिळे जमिनीत खोलवर दाबत आणि मग मला अलगद उचलत. मागे तीन भोके राहत. खडक असला तर खिळ्याने तीन ओरखडे. बाकी सगळे पुसायचे, ती तीन भोके तेवढी ठेवायची. मालकांना या युक्तीचा फार अभिमान होता. मलाही होता, कारण त्यात माझे पाय होते.

अशी अकरा वर्षे गेली. बाराव्या वर्षी मालक फोटो घेऊन छापखान्यात गेले. मीही बरोबर होतो. मेहुण्याने मला दाराशी टेकवले होते. छापखान्याच्या मालकांनी पाकीट उघडले, पहिला फोटो पाहिला, दुसरा पाहिला आणि चष्मा काढला.

"अहो, हे तर छत्रीवाल्याच्या काचेत लागलंय."

छत्रीवाला म्हणजे खालच्या रस्त्यावरचा नवा फोटोग्राफर. लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढणारा. हातात कायम एक भलीमोठी पांढरी छत्री. ऊन असो, ढग असो, सावली असो.

"कुठली जागा?" मालकांनी विचारले.

"बर्फाच्या कारखान्यामागची. आणि हा मिठाच्या गोदामाचा उतार. हीसुद्धा. बाराच्या बारा नसतील, पण आठ तरी. परवा आमचा जावई तिथंच उभा राहून आलाय, छत्रीखाली. आता न्हाव्याच्या दुकानात भांडायचं कशावरून? सगळ्यांना पत्ता पाठ आहे."

त्या वर्षीचे कॅलेंडर गेले. पुढच्या वर्षाचे तरी हवे असेल तर बारा नव्या जागा आणा आणि त्या कोणाच्या काचेत दिसता कामा नयेत, असे छापखान्याच्या मालकांनी बजावले.

घरी येताना मालक दर दहा पावलांवर मागे वळून बघत होते. मी मात्र आतल्या आत तपास सुरू केला. लेन्सवर माझा पहिल्यापासून डोळा होता. काचेच्या वस्तू आरपार असतात, त्यांच्यात काही टिकत नाही. कॅमेऱ्याची बॅग सदा तोंड उघडे ठेवून बसे. गोदामाजवळचा चहावाला कप परत घेताना उगाच हसे. पण खरे सांगतो मित्रांनो, शेवटी माझाही संशय मेहुण्यावरच जाऊन बसला. जो मांजराशीही बोलतो तो छत्रीवाल्याशी बोलणार नाही? ज्या खांद्यावर मी सव्वीस वर्षे बसलो होतो, त्याच खांद्यावर बसून मी त्याच्याविषयी असा विचार करत होतो. लाकडाला लाज वाटली तर ते कुठे लाल होते हे मला माहीत नाही.

मालकांनी सापळा लावला. मिठाच्या गोदामाच्या मागे, उताराच्या टोकाला मेहुण्याने आदल्याच आठवड्यात एक कोपरा शोधला होता. मालक फक्त मेहुण्याला घेऊन तिथे गेले. बायकोलाही सांगितले नाही. मला रोवले, भोके पाडली, ठसे पुसले आणि परतले. नवव्या दिवशी छत्रीवाल्याच्या काचेत तोच कोपरा. मध्ये एक नवरा मुलगा नवऱ्या मुलीकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू ती जागा त्याच्याच आजोबांनी बांधली.

त्या दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हते. मालकांनी पडदा ओढून घेतला.

"गोदामामागचा कोपरा किती जणांना ठाऊक होता?"

"तिघांना," मेहुणा म्हणाला. "तुम्ही, मी आणि तिथलं ते लंगडं मांजर."

"मांजर बोलत नाही."

"म्हणजे उरलो मी."

"मी कुठं तसं म्हटलं?"

"नाही ना. तुम्ही नुसतं मांजराला निर्दोष सोडलंत."

बाई आतून हात पुसत आल्या. "काय चाललंय? अहो, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तर इतके दिवस गप्प होतो," मालक म्हणाले.

मेहुणा थोडा वेळ माझ्या पितळी डोक्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला, जशी त्याची सवय होती.

"इतके दिवस, भाऊजी? म्हणजे मी तुमच्या ताटाशेजारी बसून जेवत होतो, तेव्हापासून?"

मालक ओढलेल्या पडद्याकडे बघू लागले.

"ताई, निघतो मी. जेवायला वाट बघू नकोस." त्याने मला कोपऱ्यात नीट उभे केले, तिन्ही पायांचे स्क्रू तपासले, आणि जिना उतरून गेला. त्याच्या चपलेचा आवाज दोन्ही जिने भरून ऐकू आला.

त्यानंतर घर असे झाले की विचारू नका. बाई मालकांशी बोलत, पण गिऱ्हाइकाच्या मार्फत. पासपोर्टला बसलेल्या माणसाला त्या सांगत, "यांना सांगा, कार्ड भरलंय." तो बिचारा मान वळवून सांगे आणि त्याची हनुवटी बिघडे. मालक उत्तर देत, "त्यांना म्हणावं, दुसरं ड्रॉवरमध्ये आहे." एक निवृत्त मास्तर तर दहा मिनिटांच्या फोटोला तास लागला म्हणून घाबरून गेले, नवराबायकोचा एवढा पत्रव्यवहार त्यांनी सगळ्या नोकरीत हाताळला नव्हता.

मालक आता मला स्वतःच उचलून नव्या जागा शोधायला निघत. मी वजनाला किती आहे हे त्यांना तेव्हा कळले. आणि मेहुणा वजनाला किती होता हेही. ते कोणाच्या दाराशी उभे राहत आणि अशा नजरेने आत बघत, की लोक दागिने मोजत. नर्सबाईंनी तर साखळी न काढताच विचारले, "ते मेहुणे कुठं आहेत?"

"आले नाहीत."

"मग गच्चीपण आलेली नाही," म्हणून त्यांनी दार लावून घेतले.

तीन महिन्यांत मालकांना नवी अशी एकच जागा मिळाली. होड्या दुरुस्त करतात त्या आवारामागे, चिंचोळ्या खाडीच्या काठावर. ही त्यांनी कोणालाही सांगितली नाही. मला रोवले, भोके पाडली, ठसे स्वतः उलटे चालून पुसले. उलटे चालताना ते दोनदा दोरात अडकून बसले, पण पुसले. दहा दिवसांनी छत्रीवाल्याची काच पाहिली. खाडी, होडी, जोडपे, छत्री.

"पाहिलंस?" मालक बायकोला म्हणाले. बोलण्यातला मध्यस्थ त्या दिवशी विसरला गेला. "तुझा भाऊ माझ्यावर पाळत ठेवतोय."

"माझा भाऊ फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवर बसतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. काचेमागं. अख्खं शहर बघतं त्याला तिथं."

मालकांनी बोटांवर नावे मोजली. मग जे बोलू नये ते बोलले.

"मग उरलीस तू."

मला वाटले, आता माझे तीन पाय वेगवेगळ्या दिशांना जाणार. पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी काउंटरवरची कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर बंद केला आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या चार वाजता दुकान बंद ठेवायचं. आपण दोघं जाऊन बसू त्या खाडीवर. मलाही बघायचंय कोण चोर आहे. आणि तिथं माझा भाऊ दिसला नाही, तर तुम्ही पहिल्या बोटीच्या वेळेला जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचं. कबूल?"

"कबूल. आणि दिसला तर?"

"तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही."

मित्रांनो, कॅलेंडर तोवर कोणाच्या लक्षातही उरले नव्हते. बाईंनी स्वतःचा भाऊ पणाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही तिघे एका पालथ्या होडीमागे दडून बसलो. बाईंनी मला आडवे मांडीवर धरले होते. साडेचार वाजले. पावलांचा आवाज आला. मालकांनी बायकोचा हात घट्ट धरला. तो बाईंनी सोडवून घेतला. आवारातून पांढरी छत्री आली, छत्रीखाली छत्रीवाला, आणि मागे एक नवे जोडपे. मेहुणा नव्हता. कोणीच वाट दाखवत नव्हते. छत्रीवाला कानातले हरवलेल्या बाईसारखा जमिनीकडे बघत चालत होता. चार पावले पुढे, दोन मागे. मग एकदम थांबला. "सापडलं!" म्हणाला. त्याने खांद्यावरचा ट्रायपॉड उघडला आणि त्याचे तिन्ही पाय, एकेक करून, माझ्या तीन भोकांवर अचूक टेकवले.

माझ्या पितळी डोक्यात घंटा वाजली.

मालक होडीमागून उडी मारून बाहेर पडले. उडी कमी आणि घसरण जास्त होती, पण आवाज मोठा होता. "चोरा! कोणी सांगितलं तुला?"

छत्रीवाल्याने छत्री ढालीसारखी पुढे धरली. "काय सांगितलं? कोण तुम्ही?"

"ही जागा! कोणी दाखवली?"

"दाखवायला कशाला हवी? खुणा आहेत की!" त्याने भाबडेपणाने खाली बोट केले. "नगरपालिकेनं केल्यात. फोटोवाल्यांच्या सोयीसाठी. शहरभर आहेत, तीन-तीन भोकं. खडकावर ओरखडे असतात. आधी मलाही कळलं नव्हतं, पण तीनचारदा दिसल्यावर लक्षात आलं. तिथं पाय टेकवायचे, दृश्य आपोआप समोर येतं. काय सोय आहे हो! एक भोक बाकीच्या दोन्हींपेक्षा खोल असतं, त्यावरून खरी खूण ओळखायची. मी नगरपालिकेला आभाराचं पत्रसुद्धा पाठवलंय."

"त्यांचं काय उत्तर आलं?" बाईंनी विचारले.

"आलंय ना. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.'"

खाडीवर वारा होता, तोही थांबला. बाईंनी मला उभे धरले आणि वरपासून खिळ्यांपर्यंत सावकाश पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले.

"माझ्या भावावर आला. माझ्यावर आला. मोबाइलवर आला. सव्वीस वर्षं हा घरात उभा आहे, याच्यावर नाही आला तुम्हाला संशय?"

जोडप्यातली मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हाल? उजेड चाललाय." आणि मालक मुकाट्याने फ्रेममधून बाजूला झाले.

पहिल्या बोटीच्या वेळेला म्हणजे पहिल्याच. सकाळी आठला तिकीटखिडकीसमोर रांग लागली होती आणि रांगेत मालक उभे होते. मला खांद्यावर घेऊन. मला कशाला आणले हे विचारायची सोय नव्हती; बहुधा पुरावा म्हणून. नंबर आला. काचेमागे मेहुणा बसला होता, समोर शाईचा शिक्का.

"कुठं जायचंय?" तो वर न बघता म्हणाला.

"मेहुणे, मी आहे."

"दिसतंय. कुठं जायचंय?"

"कुठंच नाही. तुझ्याशी बोलायचंय."

"मग बाजूला व्हा, भाऊजी. मागं लाईन आहे."

मालक बाजूला झाले आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले. दुसऱ्यांदा नंबर आला तेव्हा त्यांनी भोकांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नगरपालिकेपर्यंत पोहोचले तोवर मागच्या बाईंनी पिशवीने ढोसले. पुन्हा रांगेच्या शेवटी. तिसऱ्या वेळी त्यांनी काच आणि ओठ यांत चार बोटे अंतर ठेवले आणि पुटपुटले, "चुकलो."

"मोठ्यानं. काचेतून ऐकू येत नाही."

"चुकलो, म्हटलं!"

"काय?"

"अहो, ते चुकले म्हणतायत!" तिकीट घेऊनही तिथेच रेंगाळलेल्या पिशवीवाल्या बाई ओरडल्या. "तीनदा लाईनीत आलेत बिचारे. द्या की तिकीट!"

"कशात चुकले?" रांगेतून कोणी विचारले.

"ते घरगुती असेल," दुसरा म्हणाला. "आपल्याला काय. बोट सुटेल."

मेहुण्याने शिक्का खाली ठेवला. त्याने मालकांकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. काचेच्या खालच्या फटीतून हात बाहेर काढून त्याने माझ्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"ताईला सांगा, रविवारी जेवायला येतो. पण कामावर येणार नाही. इथं बरं आहे मला. इथं सगळे मला सांगून जातात, कुठं चाललेत ते."

रविवारी तो आला. बाईंनी त्याच्या ताटाशेजारी मालकांचे ताट ठेवले, आणि जेवणभर मालकांनी त्याला तीनदा वाढले, न मागता. पण मला खांद्यावर घ्यायला तो पुन्हा आला नाही. मालकांनी नवीन जागांविषयी विचारले तर तो मोकळेपणाने सांगतो. मालकांना, छत्रीवाल्याला आणि रांगेतल्या कोणालाही. त्यामुळे न्हाव्याच्या दुकानात आता भांडण उरलेले नाही, आणि छापखान्याने कॅलेंडरवर मांजरांचे फोटो छापायला सुरुवात केली आहे.

आणि माझे काय झाले? खरा गुन्हेगार सापडला की त्याला शिक्षा व्हायलाच हवी. मालकांनी एक नवा ट्रायपॉड आणला. हलका, काळा, पायांना रबरी बूट. जिथे उभा राहील तिथे खूण म्हणून सोडत नाही. ज्याच्या पायाचा ठसा उमटत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा, हे मला समजत नाही. पण मला विचारतो कोण. तो खोलीत कपाटाशेजारी उभा असतो आणि मी मागच्या बाल्कनीत.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. आपल्या माणसांची त्याहून जास्त घ्या. कोणावर संशय घ्यायची वेळ आलीच तर आधी स्वतःच्या पायांखाली वाकून बघा, आणि घाई करू नका, कारण एकदा जिना उतरून गेलेला माणूस रविवारपुरताच परत येतो. हे मी फार गंभीरपणे सांगतो आहे. मात्र जाण्याआधी, तुमच्यापैकी जो कोणी खरा मित्र असेल त्याने एवढे करावे: माझ्या डोक्यावर वाळत घातलेला मालकांचा तो डावा पायमोजा थोडा सरकवावा. सकाळपासून तो माझ्या डोळ्यांवर येतो आहे.